रेमिंग्टन ८७०: नाव कशामुळे झालं आणि बंदूक निगुतीने कशी राखायची

न्यूयॉर्क राज्यात मोहॉक नदीच्या काठी इलियन नावाचं गाव आहे, आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. तिथे बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीच्या जुन्या विटांच्या इमारती आहेत. १८२८ पासून रेमिंग्टन घराणं त्या गावात कामाला होतं. शोल्स या अमेरिकन संशोधकाचं टंकलेखन यंत्र १८७३ साली इथेच बनायला लागलं. त्यामुळे महाराष्ट्रात टायपिंगच्या वर्गाला गेलेल्यांना हे नाव बंदुकीमुळे नाही, मराठीच्या ‘रेमिंग्टन’ कळफलकामुळे माहीत असतं. टंकलेखनाचा धंदा १८८६ मध्ये विकला गेला, बंदुकांचा चालू राहिला. मार्च २०२४ मध्ये इलियनचा कारखानाही बंद झाला आणि काम जॉर्जियातल्या लाग्रेंजला गेलं.

रेमिंग्टन ८७० ही छर्‍यांची पंप बंदूक. माझ्याकडे त्या कारखान्यातली १२ बोअरची ८७० विंगमास्टर, म्हणजे तिची चकचकीत मुलाम्याची आवृत्ती आहे, जुनी आणि हातोहात फिरून आलेली. मी तिच्यावर ट्रॅप खेळतो, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ. क्लबातली मराठी, गुजराती, तेलुगू मंडळी दुसऱ्याच्या हातची ८७० विकत घेतात आणि मग विचारायला येतात, “उघडायची कशी?” त्यांना दर वेळी जे सांगतो ते सगळं इथे एकत्र लिहितो.

या बंदुकीबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ८७० ला काहीच करावं लागत नाही. ती पुष्कळ सहन करते हे खरं आहे. पण त्या वाक्यावर विसंबल्यामुळेच या बंदुका खराब होतात. बिघडलेली ८७० हातात आली की दोष जवळजवळ नेहमी ठरलेल्या चार जागी सापडतो: चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं), मॅगझिनची ट्यूब (नळीखाली काडतुसं साठवणारी), सरकत्या मुठीखालचा लोखंडी भाग आणि काडतूस अडवणारे दोन खटके. या चार जागा सांभाळल्या की बाकी बंदूक आपली आपण चालते.

नाव कशामुळे झालं

पंप बंदुकीत प्रत्येक बार उडाला की पुढची मूठ मागे ओढायची आणि पुन्हा पुढे ढकलायची. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलताना नवं आत बसतं. या जातीला खरी प्रतिष्ठा दिली ती जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या विंचेस्टर १८९७ ने. मग १९१२ साली विंचेस्टरचं मॉडेल १२ आलं आणि पुढची ४० वर्षं त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. रेमिंग्टनने १९३१ मध्ये मॉडेल ३१ काढून टक्कर दिली. ती बंदूक इतकी सुळसुळीत चालायची की जाणकार आजही तिची मूठ सरकवून बघतात. पण तिचे भाग बनवायला फार खर्च यायचा आणि विक्रीत ती मॉडेल १२ च्या मागेच राहिली.

१९५० मध्ये आलेल्या ८७० ने हिशेबच बदलला. बंदुकीचा मुख्य सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, अखंड पोलादातून कोरलेलाच ठेवला. चापाच्या जुळणीसारखे आतले भाग मात्र पत्र्यातून दाबून काढले आणि त्यातले बरेचसे कंपनीच्या ११-४८ या अर्धस्वयंचलित बंदुकीशी सामाईक ठेवले. काटकसर कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हे त्या मंडळींना नेमकं कळलं होतं.

यांत्रिकदृष्ट्या तिच्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, बोल्टचा, म्हणजे काडतुसामागे बंद होणाऱ्या सरकत्या ठोकळ्याचा, अडसर रिसीव्हरमध्ये न अडकता थेट नळीच्या मागच्या वाढीव भागात अडकतो. बार उडतानाचा दाब नळी आणि बोल्ट आपसात झेलतात, रिसीव्हरवर ताण येत नाही. दुसरी गोष्ट याच रचनेतून येते: कारागिराकडून जुळवून न घेता नळी बदलता येते. मॅगझिन ट्यूबच्या टोकाची टोपी फिरवली, एक नळी काढली, दुसरी घातली. मॉडेल १२ मध्ये हे इतकं सोपं नव्हतं. तिसरी गोष्ट म्हणजे मुठीपासून बोल्टपर्यंत जाणाऱ्या दोन पट्ट्या. मॉडेल १२ मध्ये एकाच बाजूला पट्टी होती. दोन्ही बाजूंनी पट्टी असली की मूठ घाईत तिरकी ओढली तरी यंत्रणा आडवी होऊन अडत नाही.

१९६६ मध्ये अमेरिकन मरीन दलाने तिची एक आवृत्ती स्वीकारली, गावोगावच्या पोलिसांच्या गाड्यांत ती दिसू लागली, आणि २००९ मध्ये १ कोटीवी ८७० बनली. तोवर इतकी विकली गेलेली दुसरी पंप बंदूक नव्हती.

याच नावाला १९८७ नंतर थोडा डागही लागला. त्या वर्षी ‘एक्सप्रेस’ नावाची स्वस्त आवृत्ती आली. आतली यंत्रणा तीच, पण वरचा निळा-काळा चकचकीत मुलामा गेला आणि त्याऐवजी खरबरीत, निस्तेज पृष्ठभाग आला. या खरबरीतपणात ओल धरून राहते, त्यामुळे एक्सप्रेस पटकन गंजते. पुढच्या काही वर्षांतल्या बंदुकांत चेंबरही आतून नीट गुळगुळीत केलेलं नसायचं आणि रिकामं काडतूस आत चिकटून बसायचं. एक्सप्रेस वाईट बंदूक आहे असं मी म्हणणार नाही. तिला विंगमास्टरपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि ज्यांनी ‘काही करावं लागत नाही’ हे ऐकून ती घेतली त्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं. दोन्हींची अवस्था सारखी असेल आणि खिशाला परवडत असेल, तर मी डोळे झाकून जुनी विंगमास्टर घ्यायला सांगतो.

जुनी घेताना काय पाहायचं

आधी बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करा, दुकानदाराने समोर उघडून दाखवली असली तरी. मग नळी काढायची परवानगी मागा. देत नसेल तर पुढे जाऊ नका.

नळी दिव्याकडे धरून आतून बघा. सावलीची सरळ रेघ कुठे तुटून कड्यासारखी दिसली, तर तिथे नळी फुगली आहे. ती बंदूक सोडून द्या. मॅगझिन ट्यूबवर बोट फिरवून पोचा लागतो का पाहा. लहानसा पोचा असला तरी आतली स्प्रिंग आणि काडतुसं तिथे अडतात. मूठ पुढे सरकवून ट्यूबच्या उघड्या भागावर गंजाचे खड्डे आहेत का बघा, कारण ही जागा एरवी झाकलेली राहते आणि विकणाराही ती पुसत नाही. नळीखालचं कडं, ज्यातून ट्यूब जाते, त्याच्या सांध्याला चीर नको.

रिसीव्हरवरच्या क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं. १२ बोअरमध्ये ‘व्ही’ म्हणजे पावणेतीन इंची काडतुसाची बंदूक आणि ‘एम’ म्हणजे तीन इंची मॅग्नम. नळीवरही चेंबरची लांबी कोरलेली असते. ती वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नका. तीन इंची काडतूस बंद असताना आखूड असतं, त्यामुळे ते पावणेतीन इंची चेंबरमध्ये बसतंही. पण बार उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागाच उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. उलट, तीन इंची चेंबरमध्ये पावणेतीनचं काडतूस चालतं.

नळीच्या डाव्या अंगाला, रिसीव्हरजवळ, बारीक अक्षरं दिसतील. पहिलं अक्षर महिन्याचं: ‘ब्लॅकपावडरएक्स’ या इंग्रजी शब्दाची १२ अक्षरं जानेवारी ते डिसेंबर अशी लावलेली आहेत. दुसरं अक्षर वर्षाचं, पण ती अक्षरं काही वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून त्याच्या जोडीला बंदुकीची बाकी लक्षणंही बघावी लागतात. आणि ही तारीख फक्त नळीची असते. नळी बदललेली असेल तर बंदुकीचं वय वेगळं निघेल.

कामाला बसण्यापूर्वी

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या टेबलावर बंदूक उघडायची तिथे एकही काडतूस नको. हा नियम मी स्वतःसाठीही कधी मोडत नाही.

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून सेफ्टी लावा. चापाच्या कड्याच्या मागच्या बाजूला आडवं बटण आहे. ते डावीकडून उजवीकडे ढकललं की सेफ्टी लागते. डाव्या अंगाला लाल कडं दिसत असेल तर बार उडू शकतो असं समजायचं. मग चापाच्या कड्यापुढे डावीकडे असलेला छोटा खटका दाबून मूठ मागे ओढा. डोळ्यांनी चेंबर बघा, मॅगझिनचं तोंड बघा, मग दोन्ही जागी करंगळी घालून चाचपा. फक्त डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, कारण मॅगझिनमध्ये स्प्रिंगने अडकून राहिलेलं काडतूस अंधाऱ्या खोलीत दिसत नाही.

घरात २० बोअरची बंदूकही असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, आणि मागून घातलेला १२ बोअरचा बार उडाला की नळी फुटते. २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची असतात ती यासाठीच. दोन बोअरची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात कधीही नकोत.

सामान फार लागत नाही: सफाईची सळई, १२ बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, जरा मोठ्या घेराचा चेंबर ब्रश, जुना टूथब्रश, पितळी किंवा प्लास्टिकचा पंच, लहान हातोडी, बंदुकीचं सॉल्व्हंट, हलकं बंदुकीचं तेल, थोडं ग्रीस आणि सुती चिंध्या. जुन्या बनियनाच्या चिंध्या उत्तम, धागे सुटत नाहीत.

तेलाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे घरात जे तेल असेल ते लावायची सवय आहे. कुडाळकडे माझ्या आजोबांकडे पिकांच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि ते तिला खोबरेल लावायचे. लोखंड गंजलं नाही, पण घोड्याच्या सांध्यात पिवळट चिकट थर साचला आणि घोडा जड झाला. खाद्यतेलं कालांतराने चिकट होतात. अगदीच अडलं तर शिवणयंत्राचं तेल चालेल. काही लोक गंज सोडवायचा स्प्रे तेल म्हणून वापरतात, पण तो उडून जातो आणि मागे गोंदासारखा थर सोडतो.

उघडणं

मूठ निम्म्यापर्यंत मागे घ्या. ट्यूबच्या टोकाची टोपी उलटी फिरवून काढा. नळी सरळ पुढे ओढली की हातात येते. बाहेर काढून बदलता येणारा चोक (नळीच्या तोंडाचा अरुंद तुकडा, छर्रे किती पसरायचे ते ठरवणारा) असेल तर तोही याच वेळी किल्लीने सोडवा.

आता चापाची जुळणी. मूठ पूर्ण पुढे घ्या, सेफ्टी लागलेली आणि घोडा चढलेला असू द्या. रिसीव्हरवर चापाच्या वर दोन आडव्या पिना दिसतील. पंच ठेवून त्या हलक्या हाताने ठोकून काढा आणि कुठली कुठून निघाली ते लक्षात ठेवा. जुळणीचा मागचा भाग आधी वर उचला, मग ती मागे सरकवून बाहेर घ्या. बाहेर असताना चाप ओढू नका. घोडा जोरात पुढे आपटतो आणि त्याला थांबवायला समोर काही नसतं. घोडा उतरवायचाच असेल तर अंगठ्याने धरून सावकाश उतरवा.

समोरची पिन निघाली की दोन्ही बाजूंच्या, काडतूस अडवणाऱ्या खटक्यांना फक्त ठोकून बसवलेल्या जागेचा आधार उरतो. चांगल्या बंदुकीत तो पुरेसा असतो. खटका हातात सुटून आला, तर बंदूक बऱ्याच बारांची आहे आणि तो पुन्हा ठोकून बसवायचं काम बंदूक-कारागिराचं आहे. घरी छिन्नी लावून ते करू नका. रिसीव्हरच्या कोवळ्या कडेवर घाव बसला तर तो कायमचा राहतो.

आता खालच्या उघड्या बाजूने डावा खटका बोटाने आतल्या भिंतीकडे दाबून धरा आणि मूठ पुढे ओढा. दोन्ही पट्ट्यांसकट मूठ ट्यूबवरून सरकत बाहेर येते आणि पट्ट्यांच्या टोकावर बोल्ट नुसता टेकलेला असतो. दुसरा हात खाली धरा, नाहीतर बोल्ट आणि त्याखालचा सरकता तुकडा जमिनीवर जातात. बोल्ट त्या तुकड्यावर कसा बसला होता याचा एक फोटो काढून ठेवा. पहिल्या तीन-चार वेळा तो फोटो फार उपयोगी पडतो.

सफाई

सुरुवात चेंबरपासून करा. बहुतेक लोक नळीतून चिंधी फिरवून थांबतात. नळी चकाकते, पण चेंबरच्या भिंतीवर प्लास्टिक आणि जळक्या दारूचा थर तसाच राहतो आणि पुढच्या वेळी रिकामं काडतूस तिथे चिकटतं. चेंबर ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून मागच्या बाजूने घाला आणि गोल फिरवा. १० मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा, मग कोरड्या चिंध्या. शेवटची चिंधी जवळजवळ पांढरी यायला हवी. नळीला त्याच सॉल्व्हंटचा ब्रश १०-१५ वेळा आरपार, मग चिंध्या, मग तेलाचा अगदी पातळ हात. चोकच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावा आणि तो परत बसवा. आट्यांच्या नळीतून चोक न बसवता बार काढला तर आटे कायमचे खराब होतात.

एक्सप्रेसमध्ये सफाईनंतरही काडतूस चिकटत असेल तर आधी काडतूस बदलून बघा. स्वस्त काडतुसांची बैठक पोलादी असते, पितळी मुलाम्याखाली लपलेली. ती फुगली की पितळेसारखी परत आक्रसत नाही. चांगल्या पितळी बैठकीची पेटी वापरली की अर्ध्या तक्रारी मिटतात. तरीही चिकटलंच तर चेंबर पॉलिश करून घ्या, पण ते कारागिराकडून. एकदा घासून गेलेलं पोलाद परत भरता येत नाही.

मॅगझिन ट्यूब हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. टोकाला स्प्रिंग अडवणारा तुकडा असतो. तो हलकेच उचकटताना तळहात वर धरा आणि चष्मा लावा, कारण ती स्प्रिंग लांब आहे आणि सुटली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. नंतरच्या काही बंदुकांत तिथे प्लास्टिकचा तुकडा आणि ट्यूबच्या आत उंचवटे असतात. तो जोर लावून उपटू नका. आत लाकडी किंवा प्लास्टिकची काठी निघाली तर टाकून देऊ नका. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसावीत असा संघराज्याचा नियम आहे आणि ती काठी त्यासाठीच असते. ट्यूब आतून कोरडी पुसा. तेलाचा फक्त वास राहील इतकीच चिंधी फिरवा. मी पहिल्या वर्षी ट्यूबमध्ये सढळ हाताने तेल घातलं होतं. जानेवारीत, उणे १८ अंशांत, ते मधासारखं दाट झालं, काडतुसं ढकलणारा आतला ठोकळा हळू सरकायला लागला आणि दुसरं काडतूस वेळेवर मागे येईना. त्या दिवशी अर्ध्या फेरीत बंदूक खाली ठेवावी लागली.

बोल्टची समोरची बाजू टूथब्रशने घासा. काडतुसाची कड पकडणारा आकडा आहे, त्याच्या नखाखाली पितळेचा कीस साचतो. तो टूथपिकने काढा आणि नखाची धार शाबूत आहे का बघा. बोल्ट पूर्ण सुटा करायची गरज वर्षानुवर्षं पडत नाही. रिसीव्हरच्या आत डाव्या भिंतीवर काडतूस बाहेर फेकणारी पट्टी रिव्हेटने बसवलेली आहे. तिथला कचरा ब्रशने झटका आणि बोटाने हलवून बघा. रिव्हेट सैल वाटला तर पुन्हा कारागीर.

चापाच्या जुळणीवर सॉल्व्हंटचा फवारा मारा, टूथब्रश फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि सांध्यांवर टाचणीच्या टोकाने एकेक थेंब तेल सोडा. तिचे सुटे भाग करू नका. चाप हलका करायच्या मोहात पडून कानस लावलेल्या जुळण्या मी पाहिल्या आहेत. अशा बंदुकीच्या बाजूला मी उभासुद्धा राहत नाही.

तेल-ग्रीस नेमकं कुठे

दोन पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगावर आणि त्या ज्या खाचांतून धावतात तिथे ग्रीसचा पातळ हात. बोल्टच्या अडसरावर ग्रीसचा ठिपका. नळीचा मागचा भाग जिथे रिसीव्हरमध्ये बसतो तिथे तेलाची चिंधी. मॅगझिन ट्यूबच्या बाहेरून, म्हणजे मुठीखाली, तेलाचा नीट हात, कारण पावसात भिजल्यावर पाणी तिथेच अडकून राहतं. टोपीच्या आट्यांवर ग्रीस. चेंबर मात्र बार काढायच्या आधी कोरडं पुसलेलं हवं.

लाकडी दस्ता असेल तर त्यावरचा लेप ओळखा. साठच्या दशकापासूनच्या विंगमास्टरवर काचेसारखा चकचकीत लेप आहे, त्याला फर्निचरचं मेण पुरतं. लिन्सीड म्हणजे जवसाचं तेल त्यात मुरतच नाही, वर नुसतं चिकट राहतं. लेप उडालेल्या, उघड्या लाकडाला मात्र उकळलेलं जवसाचं तेल छान. दोन-चार थेंब तळहाताने चोळून जिरवा. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जोडणी आणि परीक्षा

बोल्ट पट्ट्यांवर फोटोप्रमाणे ठेवा, पट्ट्यांची टोकं रिसीव्हरच्या खाचांत घाला आणि मूठ मागे ढकला. पट्टी आधी उजव्या खटक्याला अडेल. तो बोटाने भिंतीकडे दाबा, पुढे डावा अडेल, तोही दाबा. नवख्यांचा धीर सुटतो तो इथेच. जोर लावायचा नाही, खटका पूर्ण दाबला गेला की मूठ आपोआप सरकते. चापाची जुळणी घालताना घोडा चढलेला असू द्या आणि डावीकडचा पट्टी अडवणारा खटका रिसीव्हरच्या आत नीट गेला आहे याची खात्री करून मगच पिना ठोका. मूठ निम्म्यावर ठेवून नळी बसवा, टोपी हाताने घट्ट करा. पकड वापरू नका. खेळताना दर फेरीनंतर टोपी तपासा, ती धक्क्यांनी सैल होते.

परीक्षेसाठी खोटी, दारू नसलेली काडतुसं घ्या, खरी कधीच नाही. चार भरा आणि मूठ पूर्ण ताकदीने चार वेळा चालवा. प्रत्येक काडतूस आत जाऊन बाहेर पडलं पाहिजे. सेफ्टी लावून चाप ओढा, घोडा पडता कामा नये. मूठ थोडी मागे असताना चाप ओढा, तेव्हाही नाही. ८७० मध्ये चाप धरून मूठ पुढे ढकलली तरी घोडा पडत नाही. जुन्या विंचेस्टर १८९७ आणि मॉडेल १२ मध्ये पडतो, म्हणून त्या हाताळताना हे ध्यानात ठेवा.

मूठ अर्धवट ओढल्यामुळे होणारा अडथळा हा बंदुकीचा नाही, हाताचा दोष असतो. काडतूस बोल्टखाली आणि कॅरिअरच्या, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीच्या, वर अडकतं आणि सगळं ठप्प होतं. जुन्या बंदुकांत ते सोडवायला त्रास पडतो. नंतरच्या बंदुकांत कॅरिअरमध्ये यू आकाराची फट असते, ती लवते आणि मूठ जोराने ओढली की सुटका होते. जुन्या बंदुकीत नव्या पद्धतीचे भाग बसवून घेता येतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे खोट्या काडतुसांवर रोज २० वेळा मूठ शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा सराव.

किती दिवसांनी काय

माझा क्रम असा: प्रत्येक खेळानंतर बाहेरून तेलाची चिंधी आणि चेंबर ब्रश, पावसात भिजली तर त्याच रात्री नळी आणि मूठ काढून पुसणं, साधारण ३०० बारांनंतर वर सांगितलेली पूर्ण सफाई. मॅगझिनची स्प्रिंग लेची पडली की बदलतो, फार महाग नसते. जुन्या, चोक न बदलणाऱ्या ‘फुल’, म्हणजे सगळ्यात अरुंद चोकच्या नळीतून मी पोलादी छर्रे काढत नाही. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत, म्हणून लोक जुन्या नळीत पोलादी काडतुसं घालतात आणि चोकच्या जागी नळीला कडं पडतं. त्या शिकारीसाठी वेगळी, चोक बदलता येणारी नळी घ्या. ८७० मध्ये ती दोन मिनिटांत बदलते.

ठेवताना फोमच्या पेटीत ठेवू नका, फोम ओल ओढतो. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आणि शक्य असेल तर नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर करून उभी ठेवली तर तेल हळूहळू ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि काही वर्षांत ते लाकूड मऊ पडतं.

महाराष्ट्रात परवान्याची १२ बोअर बाळगणाऱ्यांना आणखी एक प्रसंग येतो: निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. ती तिथे काही आठवडे कोणाच्याही हाताविना पडून राहते, आणि कोकणात पावसाळा असेल तर तेवढ्यात गंज धरतो. जमा करण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून तेलाऐवजी ग्रीसचा पातळ हात द्या आणि पावतीवर क्रमांक बरोबर लिहिला आहे का ते तिथेच वाचा. परत मिळाल्यावर नळी काढून उजेडाकडे धरा. ग्रीस तर पुसायचंच आहे, पण त्याआधी आत काही अडलेलं नाही ना हे बघा. आमच्या कुडाळच्या घरी एकदा कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी मातीचं घर केलं होतं, आणि ते बाहेरून दिसत नव्हतं.